पंधराव्या दिवसानंतर

(जिल्ह्याच्या ठिकाणी एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावाखाली ‘अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक’ असे छापले आहे आणि विषय ‘कर्करोगातून उठल्यानंतर’ असा दिला आहे. ही जोडी पाहून दोघातिघांनी चिटणिसांना विचारले म्हणे, की छापखान्यात दोन कार्यक्रमांची सरमिसळ तर झाली नाही ना? तसे काही झालेले नाही. वैद्यकशास्त्रातले मला फारसे कळत नाही. परंतु समाजाजवळची साधने कोणाच्या वाट्याला येतात, कोणाच्या येत नाहीत आणि का येत नाहीत, हा प्रश्न मी तीसहून अधिक वर्षे विद्यार्थ्यांपुढे मांडत आलो. तोच प्रश्न एके दिवशी माझ्या घरात येऊन बसला, आणि वर्गात देत असलेली उत्तरे तेथे अपुरी पडली.

सहा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या डाव्या स्तनातील गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया झाली, काखेतील गाठी काढल्या गेल्या, पुढे केमोथेरपी आणि किरणोपचार झाले. उपचार उत्तम झाले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. घरी सोडताना आमच्या हाती एक कागद देण्यात आला. डाव्या हाताने जड वस्तू उचलू नये, त्या हाताला सुई टोचू देऊ नये, विश्रांती घ्यावी, अशा सूचना त्यावर होत्या. तो कागद मी स्वयंपाकघरात भिंतीवर चिकटवला आणि वसतिगृहाच्या रेक्टरला शोभेल अशा कडकपणाने त्याची अंमलबजावणी सुरू केली. बादली माझ्याकडे, कुकर माझ्याकडे, वरच्या फळीवरचे डबे माझ्याकडे. कणीक मळावयास एक बाई ठेवल्या. आठ महिन्यांनंतर माझ्या पत्नीला स्वतःची वेणी घालता येईनाशी झाली. हात खांद्याच्या वर जाईना, जिना चढताना मध्येच बसावे लागे. ती मला एकदाच म्हणाली, “तुम्ही मला बरं केलंत, पण कामातून काढलंत.” तिला बरे डॉक्टरांनी केले होते. कामातून मात्र मी काढले होते, आणि तेही सेवा करतो आहे अशा समजुतीने.

तिच्याच वॉर्डात आमच्या तालुक्यातल्या एका भाजी विकणाऱ्या बाई होत्या. आजार तोच, शस्त्रक्रिया तीच, कागदही तोच. त्यांना विश्रांती परवडणारी नव्हती. तिसऱ्या महिन्यात त्यांनी पाटी उचलली. पुढे त्यांचा हात कोपरापर्यंत इतका सुजला की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. एकीचा हात न वापरल्याने गेला, दुसरीचा एकदम वापरल्याने. आज इतके उचला, पुढच्या आठवड्यात थोडे अधिक, दुखले तर येथे थांबा, असे सांगणारे माणूस दोघींपैकी कोणाजवळच उभे नव्हते. मला आज जे सांगावयाचे आहे ते या एका उणिवेविषयी आहे.

काखेतील गाठी काढलेल्या हाताला श्रम देऊ नयेत ही समजूत आपल्याकडचीच होती असे नव्हे. पाश्चात्त्य देशांतही स्त्रियांना दीर्घकाळ हाच सल्ला दिला जात असे. शरीरातील लसीका वाहून नेणारे मार्ग तुटलेले असतात. हात जोराने चालविला तर तो सुजेल, असा त्यामागचा तर्क होता. तर्क चुकीचा वाटत नाही, पण तो कोणी पुरेसा तपासून पाहिला नव्हता. १९९६ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील क्रीडावैद्यक डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या २४ स्त्रियांना ड्रॅगन बोट वल्हवावयास शिकवले. ही चिनी परंपरेतील लांब, अरुंद नाव असते. दोन-दोनच्या जोडीने वीस जणी वल्ही मारतात, पुढे ढोल वाजवणारी, मागे सुकाणू धरणारी. खांद्याला याहून अधिक श्रम देणारा खेळ शोधून सापडणार नाही. त्यांनी तो मुद्दामच निवडला होता. त्या स्त्रियांपैकी कोणाच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. १९९८ साली त्यांनी हा अनुभव कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. चोवीस ही संख्या संख्याशास्त्राच्या कोणत्याही परीक्षेत नापास होणारी आहे, हे मी मान्य करतो. तथापि त्या स्त्रिया हंगाम संपल्यावर घरी परतल्या नाहीत. त्यांनी आपला संघ चालू ठेवला आणि त्यातून आज जगभर असे शेकडो संघ उभे राहिले आहेत.

संख्याशास्त्राचे समाधान पुढे २००९ साली झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कॅथ्रिन श्मिट्झ यांनी आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाने राहत्या भागातील व्यायामशाळेत आठवड्यातून दोनदा वजने उचलावयाची. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, वाढ अगदी सावकाश, हातावर दाब देणारा बाह्या घालून. वर्षअखेरीस व्यायाम करणाऱ्यांपैकी १४ टक्के स्त्रियांची सूज बळावली होती, न करणाऱ्यांपैकी २९ टक्के स्त्रियांची. ज्या वजनाने माझ्या पत्नीचे नुकसान होईल असे मी धरून चाललो होतो, ते वजन मापाने वाढवले असते तर तिच्या हिताचेच ठरले असते. आणि भाजीवाल्या बाईंचा हातही त्याच मापाच्या अभावी सुजला.

आता मी ज्या संशोधनामुळे हा विषय घेतला त्याकडे येतो. २००९ सालापासून मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांतील ५५ केंद्रांवर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण एका चाचणीत घेतले गेले. तिचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये जाहीर झाले. सर्वांची शस्त्रक्रिया व केमोथेरपी पूर्ण झालेली होती. त्यांचे दोन जवळजवळ समान गट केले. एका गटाला तीन वर्षांचा व्यायामाचा कार्यक्रम दिला. व्यायाम म्हणजे काय, तर बहुतेकांच्या बाबतीत आठवड्यातून तीनचार वेळा पाऊण ते एक तास झपाझप चालणे. आठ वर्षांनंतर व्यायामगटातील दर शंभरापैकी ९० जण हयात होते. दुसऱ्या गटातील ८३. म्हणजे ढोबळ मानाने दर चौदा माणसांमागे एक माणूस जास्त वाचला. दशांश चिन्हांत मी आपणास अडकवीत नाही.

वर्तमानपत्रांनी याचा अर्थ ‘चाला आणि कर्करोग टाळा’ असा काढला आणि दुसऱ्या दिवशी विषय संपला. माझे लक्ष मात्र दुसऱ्या गटाकडे गेले. या दुसऱ्या गटाला काय दिले होते? त्याला छापील आरोग्यविषयक साहित्य दिले होते. व्यायाम करावा, आहार नीट असावा, हे त्यांनाही सांगितलेले होते. तेव्हा तुलना व्यायाम माहीत असलेले आणि माहीत नसलेले यांच्यात नव्हती. माहिती दोन्हीकडे होती. एका बाजूला त्या माहितीसोबत एक माणूस होता. पहिले सहा महिने दर पंधरवड्याला तो प्रत्यक्ष भेटत असे, बरोबर उभे राहून व्यायाम करून घेत असे, मागील पंधरवड्यात का जमले नाही याची विचारपूस करीत असे, गुडघा दुखत असेल तर चालण्याऐवजी दुसरे काही सुचवीत असे. हा संबंध तीन वर्षे टिकवला गेला. शेवटच्या दोन वर्षांत भेट महिन्यातून एकदा होत असे. आपल्या कागदाचे आणि त्या चाचणीतील छापील साहित्याचे मोल सारखेच आहे. ज्या सात माणसांचा फरक पडला, तो कागद वाटून पडलेला नाही.

येथे माझ्यातला अर्थशास्त्राचा मास्तर जागा होतो. असा परिणाम देणारी एखादी गोळी निघाली असती तर तिची किंमत लाखांत गेली असती, ती विमा योजनेत घालावी म्हणून मोर्चे निघाले असते आणि ते योग्यच ठरले असते. चालण्याचे पेटंट घेता येत नाही. म्हणून या चाचणीचा खर्च औषध कंपन्यांनी उचलला नाही. कॅनडाची कर्करोग संस्था आणि तिच्यासारख्या देणग्यांवर व सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांनी तो उचलला. ज्यातून कोणाला नफा नाही, त्याची जाहिरात कोणी करीत नाही. मुंबई-पुण्यात ज्याच्या खिशात पैसे आहेत तो घरी शिक्षक बोलावू शकतो, हे खरे. अर्थशास्त्रात त्याला परिणामकारक मागणी म्हणतात. भाजीवाल्या बाईंची गरज त्याहून मोठी होती, पण ती मागणी या व्याख्येत बसत नव्हती.

मग सरकारने हे करावे काय? आयुष्मान भारत ही योजना २०१८ साली सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार तीतून मिळतात. आपल्या राज्यातील महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची योजनाही कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा भार उचलते. अशा योजना नसत्या तर त्या बाई वॉर्डापर्यंत पोहोचल्याच नसत्या. तेव्हा उठसूट सरकारी योजनांना नावे ठेवण्याच्या पंगतीत मी बसणार नाही. पण आयुष्मान भारताच्या नियमांत एक आकडा आहे. रुग्णालयातून सोडल्यानंतरचा खर्च योजनेत धरला जातो तो १५ दिवसांपर्यंतचा. कॅनडातला माणूस तीन वर्षे सोबत करतो, आमची व्यवस्था पंधराव्या दिवशी निरोप घेते. सोळाव्या दिवसासाठी लेखाशीर्षच नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि मागील पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेल्यांची संख्या ३२ लाखांच्या पुढे होती. एवढी माणसे सोळाव्या दिवसानंतर कोठे असतात? ती घरी असतात, आणि घरचे त्यांची काळजी घेत असतात. ती काळजी कशी असते याचा एक नमुना मी आपल्यासमोर उभा आहे.

एक सावधगिरी येथेच नोंदवितो. मी सांगितलेली मोठी चाचणी आतड्याच्या कर्करोगापुरती आहे, आणि पोटभर खाणाऱ्या देशांतली आहे. तेथेही व्यायामगटात स्नायू व सांध्यांच्या तक्रारी अधिक झाल्या. आपल्याकडे पुरुषांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर त्या माणसाचा खांदा पडतो, तोंड दोन बोटेही उघडत नाही, जेवण म्हणजे पातळ पेज. तो घराच्या मागच्या खोलीत तोंडाला उपरणे लावून बसलेला असतो. त्याला प्रथम जबडा उघडण्याचा आणि खांदा उचलण्याचा व्यायाम हवा, आणि त्याआधी अन्न हवे. अंगात रक्त नसलेल्या, मजुरी करून आलेल्या बाईला ‘रोज तासभर चाला’ असे सांगणे हा अडाणीपणा आहे. ज्याचा आजार हाडांत उतरला आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज वजन उचलता कामा नये. म्हणूनच माहितगार माणसाचा आग्रह मी धरतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर योगाभ्यासाची मोठी चाचणी केली, तेव्हाही आसने रुग्णांच्या उपचारांचा विचार करून, तज्ज्ञांच्या सल्ल्याने निवडली होती.

अशी व्यवस्था गरीब देशात उभी राहू शकते काय, असे कोणी विचारील. केरळचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात वेदनाशमनाचे एक लहानसे केंद्र सुरू झाले. पुढे आठवड्यातून काही तास देणारे शेजारीपाजारी शिकून तयार झाले, वस्तीवस्तीत त्यांची जाळी विणली गेली, २००८ साली राज्याने त्याचे धोरण केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी परिचारिकांच्या घरभेटींसाठी पैसा ठेवला. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसासाठी एवढे झाले. जो वाटेवरून परत आला त्याच्यासाठी हेच शेजारी का उपयोगी पडणार नाहीत?

अमेरिकेत एक कार्यक्रम २००७ सालापासून वायएमसीएच्या सभागृहांत चालतो. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, छोटे गट, शिकविलेले मार्गदर्शक. त्यामागे लान्स आर्मस्ट्राँग या सायकलपटूने काढलेली संस्था होती. स्वतः कर्करोगातून उठलेला हा खेळाडू पुढे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात दोषी ठरला, २०१२ साली त्याची विजेतेपदे काढून घेतली गेली आणि संस्थेनेही त्याचे नाव टाकले. कार्यक्रम मात्र बुडाला नाही, कारण तो एका वीरपुरुषाच्या खांद्यावर नव्हता. मोहल्ल्यातल्या सभागृहात, ओळखीच्या माणसांत होता. ‘कर्करोगावर मात’, ‘झुंज’, ‘योद्धा’ ही आपल्याकडची भाषा मला म्हणूनच फारशी रुचत नाही. मात केली तो वीर, मग ज्याचा आजार उलटला तो कोण? आपल्या भाषेत ‘दुखण्यातून उठणे’ असा साधा शब्द आहे. त्यात शौर्य नाही, अंथरूण सोडणे तेवढे आहे.

आमचा स्वतःचा अनुभव आता सांगतो. तो यशाचा नाही, अर्ध्या यशाचा आहे. फिजिओथेरपी शिकलेली एक जुनी विद्यार्थिनी गावात राहावयास आली होती. तिने आमच्या व्हरांड्यात मंगळवारी व शुक्रवारी दुपारी चार बायकांना शिकवावयास सुरुवात केली. साधने म्हणजे पाण्याच्या बाटल्या. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, दर दोन आठवड्यांनी त्यात थोडे पाणी वाढवावयाचे. भिंतीसमोर उभे राहून बोटे वर चढवीत न्यावयाची आणि जेथपर्यंत पोहोचतील तेथे पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावयाची. व्यायाम अर्ध्या तासाचा आणि गप्पा तासाभराच्या. त्या गप्पांत मला प्रवेश नव्हता, पण चहा नेताना कानावर पडे. एकीने तीन वर्षे आपल्या सख्ख्या जावेलाही आजार सांगितला नव्हता, मुलीचे लग्न व्हावयाचे होते म्हणून. दुसरी म्हणाली की मला कोणी तरी भांडा हो, घरात सगळे फार गोड बोलतात. बावीस आठवड्यांत माझ्या पत्नीची खूण एक हात वर सरकली. मधल्या फळीवरचे डबे आता ती काढते. वरची फळी अजून माझ्याकडेच आहे. कणीक मळणाऱ्या बाईंना तिने दुसरे काम पाहून दिले.

भाजीवाल्या बाईंना आम्ही निरोप धाडला होता. त्या दोनदा आल्या, त्यांच्या खुणाही भिंतीवर आहेत, नंतर येईनाशा झाल्या. आम्ही आपसांत म्हणालो, शिक्षण कमी, महत्त्व पटले नसेल. वर्षभराने मी बाजारात त्यांना भेटलो तेव्हा त्यांनी मला साध्या शब्दांत सांगितले, “सर, मंगळवार बाजाराचा वार. त्या दिवशी पाटी नाही लावली तर आठवडा कोरडा जातो.” या गावचा बाजार मंगळवारी भरतो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. वेळेचीही किंमत असते, हे मी दरवर्षी पहिल्या सत्रात शिकवीत असे. तरी वार ठरवताना आम्हा कोणाच्या ते डोक्यात आले नाही, कारण आमच्यापैकी कोणाचे पोट मंगळवारावर अवलंबून नव्हते.

म्हणून आज व्याख्यानाच्या निमित्ताने मी कार्यकारिणीसमोर एक अर्ज घेऊन उभा आहे. आपल्या वाचनालयाचा मागचा बालविभाग रविवारखेरीज बंद असतो. तो सोमवारी व गुरुवारी, दुपारी चार ते साडेपाच, बारा आठवडे मिळावा. स्त्रियांचा गट सोमवार-गुरुवार. पुरुष पुरेसे जमल्यास त्यांच्यासाठी वेगळी वेळ पाहू. जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपी विभागाला पत्र लिहून महिन्यातून एकदा तपासणीस कोणी पाठवावे अशी विनंती करू; रोजचे काम माझी विद्यार्थिनी पाहील, आणि तिला मानधन द्यावयाचे आहे, फुकट राबवावयाचे नाही. खेड्यांतून येणाऱ्यांना एस.टी.चे भाडे आणि प्रत्येकाला एक शेंगदाण्याचा लाडू एवढा वरखर्च. आशाताईंना निरोप द्यावयाचा तो कर्करोगाचे नाव न घेता, ‘खांद्याच्या व्यायामाचा वर्ग’ असा द्यावा. ज्यांना कळावयाचे त्यांना कळेल. नगरपालिकेने बागेत लोखंडी व्यायामयंत्रे बसविली आहेत, त्यांवर नगरसेवकांची नावे आहेत, शिकविणारा नाही. ती यंत्रे पुढच्या टप्प्यात वापरता येतील. बारा आठवड्यांचा हिशेब मी टंकलिखित करून चिटणिसांकडे दिला आहे. वाचनालयाच्या वर्धापनदिनाच्या मंडपावर गतवर्षी जो खर्च झाला त्याहून तो कमी आहे. बारा आठवड्यांनंतर हाच हिशेब आणि हजेरीपट घेऊन जिल्हा परिषदेकडे जाता येईल. आरोग्य मंदिरांत योगाचे वर्ग चालतात, त्यांत असा एक वर्ग का नसावा, हे विचारावयास तेव्हा आपल्याजवळ कागद असेल.

एकच अडचण राहते. बालविभागाच्या भिंतींना याच दिवाळीत नवा रंग दिला आहे. त्यांपैकी पूर्वेकडच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आणि तारखा पडतील, आणि वर्ग चालू राहिला तर त्या पुसता येणार नाहीत. कार्यकारिणीची याला हरकत आहे किंवा कसे, तेवढे आजच कळावे.